मनूच्या पिशवीत वत्सलाची बरणी

१० एप्रिल, बुधवार
काल पाडवा झाला. गुढी बाविसाव्या मजल्याच्या बाल्कनीत उभारली, वाऱ्याने तांब्या सारखा वाकडा होत होता. वॉचमनने खालून फोन केला, आजी पडेल. पडला नाही.
मनूचं नाव जाहीर झालं त्याला किती दिवस झाले, तरी माझं मन भरत नाही. माझा मुलगा दिल्लीच्या निवडणुकीला उभा! भांडुपच्या चाळीत ज्याचा पाळणा पत्र्याखालच्या वाशाला बांधला होता, तो. पेपरात उद्योजक लिहितात. भांडुपात अजून मसालेवाला शेठच म्हणतात. मसाल्याच्या पाकिटावर फोटो मात्र माझा, नाकात नथ घालून काढलेला. नथ माझी नव्हती, फोटोवाल्याची होती.
जुई, माझी नात, म्हणते, आजी फेमस तू आहेस, पप्पा नाही. ही वही तिनेच दिली. म्हणाली इलेक्शनमध्ये काय काय होतं ते लिही, नंतर वाचू, मज्जा येईल. माझी शाळा चौथीपर्यंत. जमेल तसं लिहिते.
बी.पी.ची गोळी घेतली. पुढे नुसतं गो. लिहीन, हात दुखतो.

१३ एप्रिल, शनिवार
घरात माणसंच माणसं. दारात चपलांचा डोंगर, माझी कोल्हापुरी कुणीतरी घालून गेलं आणि आपली रबरी ठेवून गेलं. चहाचं पातेलं गॅसवरून खाली उतरत नाही. सूनबाई स्मिता म्हणते, आई तुम्ही बसा. बसून तरी किती बसणार.
हॉलमध्ये कापडी पिशव्यांचे गठ्ठे आलेत. पांढऱ्या, बंद चांगले जाड, वर मनूचा हसरा फोटो, खाली निशाणी. काय गोड दिसतो! लहानपणी फोटो काढायचा म्हटलं की भोकाड पसरायचा.
संध्याकाळी वकील देसाई सगळ्या पोरांना समोर बसवून समजावत होते. आचारसंहिता लागली, हे करायचं नाही, ते द्यायचं नाही, असं कायकाय. आवाज एवढा सारखा की मी खुर्चीतच पेंगले. जाग आली तेव्हा सगळे भेळ खात होते. मलाही दिली. झकास होती.
गो.

१६ एप्रिल, मंगळवार
उन्हाने जीव घेतला. तरी मनूबरोबर उघड्या जीपमधून घाटकोपरला गेले. पक्षाची माणसं म्हणतात आजी पाहिजेतच, पाकिटावरची आजी खरी आहे हे लोकांना दिसू दे. बायका हात हातात घेतात, आजी माशाच्या आमटीला मसाला किती टाकायचा? मी जीपमधूनच सांगत होते, एवढा, आणि तळहात दाखवत होते. मनू हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.
गुडघे असे सुजलेत की घरी आल्यावर जिना दिसला तरी रडू येईल. बरं की लिफ्ट आहे.
मनूचा आवाज बसलाय. धंद्यात आता त्याला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून कंटाळला की काय कोण जाणे. विचारलं एकदा, कशाला रे उभा राहतोस? म्हणाला, आये, काहीतरी... आणि फोन आला.

१७ एप्रिल, बुधवार
आज भांडुपच्या कारखान्यात नव्या मिरचीचा पहिला घाणा. मी नसले तर डंक, म्हणजे कुटायची मशीन, सुरू करत नाहीत, अजून एवढा मान आहे माझा. बेडगी यंदा छान रंगाची. धणे भाजताना बाईने जरा करपवले, परत भाजायला लावले.
पहिला घाणा विकायचा नाही, ही आमची रीत. आधी देवापुढे वाटीभर, मग आम्हा चौघींच्या बरण्या. गिरणी बंद पडली, चौघींचे नवरे घरी बसले, तेव्हा चाळीच्या व्हरांड्यात उखळ ठेवून आम्ही कुटायचो. मी, वत्सला, कुसुम, शालन. एकीने मुसळ सोडलं की दुसरीने धरायचं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसणं चालूच. पुढे त्यांनी सोडलं, माझं वाढलं, मग मनूने एवढा कारखाना केला. पण पाडवा झाला की त्या आपापल्या बरण्या पाठवतात आणि मी भरून देते. बरणी परत येते तेव्हा रिकामी येत नाही. कोकम, कुळीथ, मूठभर तांदूळ, काही ना काही असतंच.
वत्सलाची बरणी चिनीमातीची, तिच्या सासूची, वरून पिवळी खालून पांढरी, तोंडाला टवका उडालेला. किती हळदी, किती मिरच्या पचवल्या तिने. पुसून भरली.

१९ एप्रिल, शुक्रवार
बरण्या देऊन आले. नुसत्या धरायच्या म्हणजे जड, हात निसटायचा. हॉलमधल्या पिशव्या समोरच होत्या. ड्रायव्हरला म्हटलं घे तीन. बंद मजबूत, बरणी नीट बसली. चाळीत पोचले तर पोरं पिशव्या बघून ओरडायला लागली, मनूशेठ आले, मनूशेठ आले.
वत्सला दारात उभी राहून म्हणते, "गो, आता तू खासदाराची आवस होतलंस. माका वळखतंस मां?"
म्हटलं, अगोदर मनूला मत दे, मग ओळखीन.
"मत कोणाक दितंय ता मी घोवाक पण सांगूक नाय कधी. तुका सांगतलंय?"
मनू तिच्या मांडीवर वाढलाय, माझी कुटायची पाळी आली की तो तिच्याकडे. तरी सांगणार नाही! हसून हसून पोट दुखलं. तिने तांदळाची तळलेली बोरं दिली, दात नाहीत तरी चघळली. तिघीजणी पिशव्या हातात धरून मला नाक्यापर्यंत सोडायला आल्या. कुसुमला म्हटलं अगं बरणी घरात ठेव ना, तर म्हणते फोटो चांगला आहे, मिरवते जरा.
फार दिवसांनी एवढा चांगला दिवस गेला. गो. विसरले, आता घेते.

२२ एप्रिल, सोमवार
जुई सकाळीच माझ्या खोलीत. "आजी, वाट लागली."
तिच्या मोबाइलमध्ये आम्ही चौघी. नाक्यापर्यंत चालत येतोय, पिशव्यांवर मनू हसतोय. कुणीतरी चाळीतूनच काढलेलं. वर लिहिलंय, मसाला घ्या, मत द्या.
मी म्हटलं, छान आलोय की आम्ही. जुईने मोबाइल बाजूला ठेवला. मग तिने समजावलं. निवडणूक लागली की उमेदवाराच्या घरच्यांनी मतदारांना काही फुकट द्यायचं नाही, आणि ते त्याचा फोटो असलेल्या पिशवीतून तर नाहीच. देसाई त्या दिवशी हेच सांगत होते. मी पेंगत होते.
दुपारी भरारी पथकाची गाडी चाळीत गेली. पोलीस पण होते. बरण्या पिशव्यांसकट उचलून नेल्या. वत्सलाने त्यातल्या मसाल्याचं बांगड्याचं सार केलं होतं. त्यांनी सारसुद्धा वाकून बघितलं म्हणे.
जेवण गेलं नाही. गो. गो. (दोनदा घेतली की काय, आठवत नाही.)

२३ एप्रिल, मंगळवार
दिवसभर बंद दाराआड बोलणी. मनू, देसाई, पक्षाची दोन माणसं. फॉर्म अजून भरलेला नाही, पक्ष अजूनही माणूस बदलू शकतो. आणि निवडून आला तरी विरोधी कोर्टात जातील, निवडणूक रद्द करून घेतील. हे मला स्मिताने सांगितलं, भाजी निवडता निवडता. रागावली नाही, ते जास्त लागलं.
मनू समोरून गेला. डोळ्यांखाली काळं झालंय. म्हटलं, काढा करू? नको म्हणाला.

२४ एप्रिल, बुधवार
वत्सलाकडे गेले. दार आतून लावलेलं. नाव घेऊन हाक मारली, मग आतूनच बोलली.
"नळार बायो काय इचारतत म्हायत हा? अर्ध्या किलोत गेलंस काय गो वत्सले, अशा इचारतत. माजा मत मसाल्यान इकत घेतला म्हणतत!"
मी म्हटलं, वत्सले, दर वर्षाचंच आहे ना ते.
"दर वर्षी पिशयेर तुझ्या झिलाचो फोटो नसता."
दार उघडलं नाही. दाराबाहेर तिची तुळस पाण्याविना मान टाकून बसली होती. शेजारणीकडून तांब्याभर पाणी घेतलं, घातलं आणि आले.

२६ एप्रिल, शुक्रवार
मला नोटीस आली. माझ्या नावाने! जन्मात पहिल्यांदा सरकारने माझं पूर्ण नाव लिहिलं, ते पण बरोबर. उद्या निवडणुकीच्या साहेबांच्या ऑफिसात जाऊन जबाब द्यायचा.
रात्री देसाई माझ्याजवळ बसले. चांगला माणूस आहे, आवाज हळू केला. "आजी, काही खोटं बोलायचं नाही. फक्त एवढंच म्हणायचं, मसाला तुम्ही शिमग्याच्या आधी, आचारसंहिता लागायच्या आधी दिला, साध्या पिशवीत. या पिशव्या त्या बायकांनी नंतर सभेतून परस्पर उचलल्या. बस. आम्ही लिहून आणलंय, तुम्ही सही करायची."
म्हटलं, शिमग्याच्या आधी पहिला घाणा निघत नाही.
"ते साहेबांना कुठे माहितीय?"
म्हटलं, वत्सलाला माहितीय.
मनू खिडकीशी उभा होता. वळला नाही. म्हणाला, "आये, दोन ओळी आहेत गं."

२७ एप्रिल, शनिवार
आजच लिहिते, नाहीतर विसरेन.
ऑफिसात एसी एवढा की पदर डोक्यावर घेतला. साहेब म्हणजे बाई निघाल्या, जुईएवढी नसेल पण तरुण. आधी पाणी दिलं. देसाईंनी कागद वाचून दाखवला. त्या महिलांनी पिशव्या परस्पर नेल्या, हे आलं तेव्हा मी मनूकडे बघितलं. तो आपल्या घड्याळाकडे बघत होता. ते घड्याळ त्याने मला दाखवायला आणलं होतं घेतलं तेव्हा.
बाई म्हणाल्या, "आजी, हे तुमचं म्हणणं आहे?"
म्हटलं, "नाही बाई."
देसाई काहीतरी बोलायला लागले. बाईंनी हात वर केला.
सांगितलं सगळं. पाडव्यानंतर दिला. दर वर्षी देते. पिशव्या माझ्या हॉलमधल्या, ड्रायव्हरला मीच घे म्हटलं, बायकांनी काही उचललं नाही, त्यांना दोष नको. फुकट वाटायचं नसतं हे सांगत होते तेव्हा मी झोपले होते. बाई लिहीत होत्या, इथे जरा थांबल्या, खाली मान घालून ओठ दाबले. मग म्हणाल्या, आजी, झोपले होते हे लिहू का? म्हटलं लिहा, खरं आहे.
आणि म्हटलं, बरण्या परत द्या, त्यातली एक तिच्या सासूची आहे. म्हणाल्या, केस संपेपर्यंत मिळणार नाही.
सही केली. सहीला वेळ लागतो मला. सगळे उभे.
मुलुंडला घराखाली उतरताना मनूने माझ्या बाजूचं दार उघडलं, रोजच्यासारखं. हात दिला. पण बोलला नाही.

२ मे, गुरुवार
गुन्हा दाखल झाला माझ्यावर. या वयात गुन्हेगार झाले! जुईने मैत्रिणींना सांगितलं, माय आजी इज अ क्रिमिनल. त्या येऊन माझ्याबरोबर फोटो काढून गेल्या. हसले मी. मग आंघोळीला गेले आणि तिथे रडले, नळ सोडून.
टीव्हीवर सारखं मसालेवाली आजी, मसालेवाली आजी. पाकिटावरचा माझा फोटो लाल गोलात दाखवतात. पक्षाने आता जीपमध्ये मला नेऊ नका सांगितलंय. गुडघ्यांना बरं, दुसरं काय.

३ मे, शुक्रवार
मनूने फॉर्म भरला, शेवटच्या दिवशी. पक्षाने नाव ठेवलं. दुसरा माणूस मिळाला नाही असं स्मिता म्हणते. मिरवणुकीला यायचे ते मोठे नेते आले नाहीत, त्यांना ताप. सगळ्यांना एकदम.
देवापुढे दिवा लावला. माझ्याशी अजून बोलत नाही. जेवण वाढलं तर जेवतो, मीठ कमी असलं तरी मागत नाही, तसाच जेवतो.

९ मे, गुरुवार
लिहिण्यासारखं काही नाही. गरम. चहा, चपला, चहा. पिशव्यांचे उरलेले गठ्ठे पोरं कुठेतरी घेऊन गेली, हॉल मोठा वाटतो.
वत्सलाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. कुसुम म्हणते, ती आता नळावर पहाटेच जाऊन येते, बायका यायच्या आधी.
गो.

१८ मे, शनिवार
प्रचार आज संपला. मनू पाच वाजता घरी, एकटाच. एवढ्या महिन्यांत एकटा आला नव्हता. सरळ स्वयंपाकघरात आला आणि माझ्या पाटावर बसला. मी खुर्चीवर, तो पाटावर, एवढी मोठी पॅन्ट घालून.
पेज ठेवली होती, सुका बांगडा भाजला. खाल्लं. आवाज नाहीच राहिलेला, नुसती हवा येते.
म्हणाला, "वत्सलाकाकी काय म्हणते?"
म्हटलं, बोलत नाही.
"माझ्यावर रागावलीय?"
म्हटलं, माझ्यावर. तुझं तिला काही सांगितलेलं नाही मी.
खूप वेळ बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला लावत बसला. मग म्हणाला, "आये, तू सही केली असतीस तर मी..." आणि पाणी प्यायला. तर काय ते मी विचारलं नाही. तोंड पुसून तिथेच भिंतीला टेकून झोपला. उशी आणली, पण डोकं उचलवेना त्याचं, खाली बसून मांडी दिली. पायाला मुंग्या आल्या. येऊ देत.

२० मे, सोमवार
मतदान. मला व्हीलचेअर दिली, नको म्हटलं, मग घेतली. फोटोवाले आले, बोट दाखवा आजी. दाखवलं. एक पोरगी विचारते, आजी, मसाला वाटताना काय वाटलं? म्हटलं, बरं वाटलं.
ड्रायव्हर भांडुपहून आला. सांगतो, वत्सलाबाई सात वाजता रांगेत पहिल्या. लग्नातली हिरवी नऊवारी नेसून. शेजारच्या बाया काहीतरी बोलल्या तर म्हणाल्या, बघा, नीट बघा, माझ्या हातात पिशवी नाही.
ऐकून काय वाटलं ते लिहिता येत नाही मला.

२६ मे, रविवार
वत्सलाचा फोन! मी हॅलो म्हणायच्या आधीच, "गो, माझी बरणी कधी गावतली?"
म्हटलं, केस संपल्यावर.
"केस कधी संपतली?"
म्हटलं, आपण संपल्यावर.
हसली. पहिल्यांदा नाकातून, मग मोकळी. मग म्हणाली उद्या पोलीस ठाण्यात जाऊ, निदान बघून तरी येऊ, फोडली नाही ना मेल्यांनी.

२७ मे, सोमवार
गेलो दोघी रिक्षाने. हवालदार मालवणचाच निघाला, वत्सलाने त्याच्या गावाचं, आवशीचं नाव काढलं. त्याने कपाट उघडून लांबून दाखवली. तिन्ही बरण्या, तोंडाला फडकं, लाखेचं सील, चिठ्ठी. हात लावू दिला नाही.
वत्सला म्हणते, "ह्यात बुरशी धरतली."
तो म्हणाला, "काकी, तुमच्या मसाल्याक बुरशी धरणा नाय. आमच्या घराक तोच येता."
मी लाजले. जुईला येऊन सांगितलं तर म्हणे, आजी तू ब्लश करतेस!
परत येताना रिक्षात वत्सला म्हणाली, त्या साहेबीणबाईला तू काय काय सांगितलंस ते कुसुमने वाचून दाखवलं पेपरातलं. एवढंच म्हणाली. मग माझा हात धरला, सिग्नल सुटेपर्यंत. तिचे हात अजून उखळवालीचेच, खरखरीत.

३ जून, सोमवार
उद्या निकाल. घरात सगळे एकमेकांना सांगतात जिंकणार, आणि कुणीच कुणाकडे बघत नाही. हारांची ऑर्डर द्यायची की नाही यावर स्मिता आणि देसाईंचं वाजलं. मनू दुपारपासून खोलीत. बी.पी. वाढलंय माझं, डॉक्टर म्हणाला टीव्ही बघू नका. बघणारच.
चार वाजता खालून वॉचमनचा फोन, कुणी वत्सलाबाई आल्यात. या टॉवरात ती कधीच आली नव्हती! लिफ्टमधून बाहेर आली तेव्हा डोळे मिटलेले. हातात स्टीलचा डबा, झाकणावर तिच्या नातवाचं नाव कोरलेलं.
पहिल्या घाण्याचा थोडा मी ठेवला होता बाजूला. काढायला उठले.
"बस. आज नको."
म्हटलं, अगं डबा आणलास ना?
"डबो ठेव तुझ्याकडे. निकाल लागांदे. मनू जिकलो तरी मगे येवन घेतलंय, हरलो तरी घेतलंय. आज घेवचंय नाय."
म्हटलं, मत तर देऊन झालं ना, आता काय?
"लोकांच्या तोंडार उद्या सांजपर्यंत झाकण नाय."
चहा प्यायली, बिस्कीट नको म्हणाली. जाताना मनूच्या खोलीच्या दारात उभी राहिली, आत गेली नाही. तिथूनच, "मनग्या, जेवलंस काय रे?" मनू उठून आला. खाली वाकला, पाया पडला. ती म्हणाली, ऊठ, उंच झालास मेल्या, माझा हात पोचत नाही. मतांचं कुणीच काढलं नाही. मला वाटलं तो विचारेल. नाही विचारलं.
ती गेल्यावर मनू स्वयंपाकघरात आला. डबा गॅसच्या कट्ट्यावर.
"हा कुणाचा?"
म्हटलं, काकीचा.
झाकण उघडून बघितलं त्याने. तळाला मूठभर तांदूळ. आधीच घालून आणलेत बाईने, मसाला घ्यायच्या आधी. झाकण लावलं, डबा जरा भिंतीकडे सरकवून ठेवला, सांडू नये म्हणून.
म्हणाला, "आये, उद्या किती वाजता उठतेस?"
म्हटलं, रोजच्याच वेळेला.
"मला पण उठव."
गो. घेतली.